थर्मासची बदली

अरविंद अष्टेकरांच्या थर्मासची कराडहून विट्याला बदली झाल्याचा आदेश सोमवारी दुपारच्या टपालाने आला. सदर थर्मास चार वर्षे दोन महिने प्रमिला अष्टेकर, पत्नी, यांच्याकडे आहे, तो पंधरा दिवसांत कार्यमुक्त होऊन सुहास अष्टेकर, धाकटे बंधू, यांच्याकडे रुजू व्हावा, एवढाच मजकूर होता. खाली सही आणि गोल शिक्का.

प्रमिलाने आदेश दोनदा वाचला आणि टेबलावर, थर्माससमोर उघडा ठेवला. तसा नियमच होता. ज्याची बदली, त्याला ती आधी कळायला हवी.

गेलेल्या माणसांच्या वस्तूंची दर तीन वर्षांनी बदली होते, यात नवीन काही नाही. वस्तू एकाच माणसाजवळ फार दिवस राहिली की तिला त्या माणसापुरतंच आठवायला लागतं आणि बाकीचं पुसट होत जातं, असा खात्याचा अनुभव आहे. प्रमिला ज्या शाळेत भूगोल शिकवायची, तिथल्या शिक्षकांच्या खोलीत दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या बदलीचा विषय निघत असे.

"आमच्या मामंजींची काठी गेल्या वर्षी बार्शीला गेली," हिंदीच्या घोरपडेबाई मंगळवारी मधल्या सुट्टीत म्हणाल्या. "पहिले दोन महिने कोपऱ्यात उभी राहिली नुसती. कुणी हात लावला की घसरून पडायची. आता रमली म्हणे. तुमचा थर्मास कुठं टाकलाय?"

"विट्याला. धाकट्या दिरांकडं."

"मग काय रडायचंय त्यात? आमच्या आत्याबाईंचा पोळपाट थेट गडचिरोलीला. तिथं कोण आमचं, तर आत्याबाईंची मैत्रीण. आम्हाला तिचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. पोळपाटाला होतं."

प्रमिला हसली. पण डबा तिने तसाच बंद केला.

थर्मास हिरव्या रंगाचा, लिटरभराचा होता. बुडाशी एक पोचा होता आणि पट्टा एका बाजूने सुतळीने बांधलेला होता. अरविंद पाटबंधारे खात्यात नकाशे ट्रेस करायचे. सकाळी स्वतः चहा करायचे, थर्मास भरायचे आणि तो सायकलच्या हँडलला अडकवून कचेरीत जायचे. ते गेल्यानंतर पंधरा दिवसांनी प्रमिलाने थर्मास धुवावा म्हणून त्यात कढत पाणी ओतलं. थोड्या वेळाने उपडा केला तर मोरीत चहा पडला. आलं ठेचून घातलेला, साखर बेताची. तेव्हापासून ती रोज सकाळी त्यात पाणी ओतायची, पाव तास थांबायची आणि चहा प्यायची.

प्रत्येक कपात एक दिवस असायचा. कुठला, ते थर्मास ठरवायचा. एकदा कोयनेच्या कालव्याच्या नकाशावर शाई सांडली तो दिवस आला. अरविंद दिवसभर कुणाशी बोलले नव्हते आणि संध्याकाळी एकदम म्हणाले होते, "एक गाव बुडालं माझ्या हातून." एकदा पाचगणीच्या रस्त्यावर पंक्चर झालेली दुपार आली. एकदा नुसताच एक रविवार आला, ज्यात काही घडलं नव्हतं; अरविंद वर्तमानपत्र वाचत होते आणि ती शेंगा सोलत होती. तो कप तिला सगळ्यात आवडला होता. ती मुद्दाम हळूहळू प्यायली होती.

थर्मासात चार कप मावायचे. ती तीनच प्यायची.

चौथा, तळातला कप तिने पहिल्याच महिन्यात झाकणात ओतून पाहिला होता. त्याला फिनेलचा वास आला. इस्पितळाच्या फरशीचा. तिने तो कप पुन्हा आत ओतला आणि बूच घट्ट बसवलं. त्यानंतर ती वरून पाणी घालत गेली. वरचं वर राहायचं, खालचं खाली. त्या कपात कुठला दिवस आहे हे तिला प्यायल्याशिवायच माहीत होतं.

तो बुधवार होता. इस्पितळातला सहावा दिवस. संध्याकाळी चारच्या चहाला अरविंद म्हणाले होते, "सुहासला कळवलंस?" आणि तिने "हो" म्हटलं होतं.

तिने कळवलं नव्हतं. सकाळीच त्यांनी सांगितलं होतं, सुहासला बोलावून घे म्हणून. तिने मनात म्हटलं होतं, उद्या बघू. कारण सांगायला लाज वाटावी असं होतं. कधीतरी एका दिवाळीत, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना सुहास सगळ्यांदेखत म्हणाला होता, "वहिनींचा चहा म्हणजे कप विसळलेलं पाणी. म्हणून दादाला स्वतः करावा लागतो." सगळे हसले होते. तीही हसली होती. आणि मग ते वाक्य तिने नऊ वर्षं जपून ठेवलं होतं.

गुरुवारी सकाळी नऊला अरविंद गेले. सुहास दुपारी पोचला, तेव्हा त्यांना घरी आणून ठेवलं होतं. "अचानकच झालं सगळं," ती त्याला म्हणाली होती. सुहासने मान हलवली होती. तो पुन्हा कधी विचारायला आला नाही. खरं तर पुन्हा आलाच नाही.

आता थर्मास त्याच्याकडे जाणार होता आणि तो चारही कप पिणार होता. त्याला कुठलीही गोष्ट अर्धी टाकून उठायची सवय नव्हती.

*

शनिवारी प्रमिला जिल्ह्याच्या ठिकाणी बदली कार्यालयात गेली. थर्मास बरोबर नेला. त्याच्याशिवाय अर्ज घेत नाहीत. बाकांवर माणसं आणि वस्तू रांगेने बसल्या होत्या. एका बाईच्या मांडीवर व्हायोलिनची पेटी होती. एक म्हातारे गृहस्थ इस्त्रीला समजावत होते, "तिकडं व्होल्टेज कमी असतं, चिडायचं नाही." खिडकीतून दुपारचं ऊन फरशीवर आलं होतं आणि सगळं कार्यालय कपाटातल्या जुन्या साडीसारखं वास मारत होतं.

बदली लिपिक तांबोळी पन्नाशीचे होते. त्यांनी थर्मास आधी दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवला, मग अर्ज वाचला.

"बदली रद्द करावी, असं म्हणता. कारण 'प्रकृती अस्वास्थ्य'. कुणाची प्रकृती?"

"थर्मासची. आधी संध्याकाळपर्यंत चहा गरम राहायचा. आता साडेआठलाच निवतो. प्रवास झेपायचा नाही त्याला."

तांबोळींनी थर्मासच्या अंगावरून हात फिरवला. पोच्यावर जरा थांबले. "सेवापुस्तक आणलंय?"

तिने दिलं. त्यांनी पानं उलटली. रोजच्या नोंदी नीट होत्या, तिच्या शिक्षिकेच्या अक्षरातल्या. तारीख, कप पहिला, दुसरा, तिसरा.

"चौथा कुठाय?"

प्रमिलाने थर्मासचा पट्टा सरळ केला.

"बाई, चार वर्षांत एकदाही तळ रिकामा केला नाही तुम्ही?"

"नाही."

"मग निवणारच. तळाला शिळं राहिलं की वरचंही धरत नाही. ही आमच्या कार्यालयाची अट नव्हे, थर्मासचीच आहे." त्यांनी पुस्तक मिटलं. "अर्ज नामंजूर करावा लागेल. उलट बदली झाली तर सुधारेल तो. नवी माणसं भेटली की वस्तू ताजी होते. आमच्या वालिदांचा कंदील चुलत्यांकडं गेला, तेव्हा आम्हाला कळलं की वालिद गायचे. आमच्यासमोर कधी गायले नाहीत. मला तर वाईटच वाटलं आधी. मग म्हटलं, असू दे. तेही त्यांचेच."

"तळातल्या कपाचं काय?"

"त्याला नियम आहे. कार्यमुक्त होण्याआधी धारकानं तळ स्वतः रिकामा करायचा. म्हणजे आपण प्यायचा. तळातला कप एकदाच येतो. तुम्ही प्यायलात की तो दिवस तुमच्याजवळ राहिला. पुढच्या माणसाला तो निघत नाही."

"निघतच नाही?"

"नाही. आणि नाही प्यायलात, तर तो पुढच्याचा." तांबोळींनी खणातून एक कप काढला, पुसला आणि तिच्यासमोर ठेवला. कपावर शिक्क्यासारखं कार्यालयाचं नाव होतं. "इथंच घेता? बहुतेकजण इथंच घेतात. मी तिकडं तोंड करून बसतो."

आणि खरोखरच ते खुर्ची फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून बसले.

इतकं सोपं असेल असं प्रमिलाला वाटलं नव्हतं. एक कप. मग सुहासला फक्त रविवार निघतील, सायकली निघतील, शाई सांडलेले नकाशे निघतील. तिने बूच काढलं. वरचे तीन कप ती सकाळीच काढून आली होती. तळातला चहा कपात पडला तो जेमतेम कोमट होता, तरी त्यातून एक बारीकशी वाफ उठली. फिनेल, सोललेली मोसंबी, सलाइनच्या नळीचा रबरी वास. तिने कप ओठांजवळ नेला आणि वाफेतून अरविंदांचा आवाज अगदी जवळ आला.

"सुहासला कळवलंस?"

ते उत्तराची वाट बघत थांबले. तेव्हाही असेच थांबले होते, उशीवर मान वळवून. कप प्यायचा म्हणजे पुन्हा एकदा "हो" म्हणावं लागणार होतं.

दुसऱ्यांदा तिला ते जमेना. तिने कप खाली ठेवला, आणि मग हात स्थिर ठेवून, एक थेंब न सांडता, चहा परत थर्मासात ओतला.

बूच बसल्याचा आवाज ऐकून तांबोळी वळले. रिकामा कप कोरडा नव्हता, पण प्यायलेलाही नव्हता. त्यांना तेवढं कळत होतं.

"परत ओतल्याची नोंद घ्यावी लागेल मला."

"घ्या."

"'धारकाने तळ पुढील धारकासाठी राखून ठेवला,' असं लिहितो. चालेल?"

"चालेल."

त्यांनी लिहिलं, शिक्का मारला आणि रुजू अहवालाचा नमुना तिच्या हातात दिला. मग थर्मासला म्हणाले, "आंतरजिल्हा आहे. सांभाळून जा, बाबा."

*

रविवारी सकाळी ती विट्याच्या गाडीत बसली. मांडीवरच्या थर्मासला बांधलेली गुलाबी चिठ्ठी बघून कंडक्टरने विचारलं, "बदलीवर का? मग खिडकीशी बसू द्या त्यांना." प्रमिला सरकली. थर्मास खिडकीशी बसला. बाहेर उसाची शेतं मागे जात होती, मग ती संपली आणि माळ लागला. माळावर पवनचक्क्या इतक्या हळू फिरत होत्या की त्या फिरतात की आपल्यालाच तसं वाटतं हे कळेना. प्रमिलाचा डोळा लागला. जाग आली तेव्हा तिचा हात थर्मासच्या पट्ट्यात अडकला होता. तिने तो काढला नाही.

सुहासचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. तो जमिनीवर बसून पाण्याच्या मोटारीत तांब्याची तार भरत होता. चार वर्षांत त्याचे केस सगळे पांढरे झाले होते आणि मान वळवायची ढब थेट अरविंदांची झाली होती.

"या वहिनी." तो उठला, हात फडक्याला पुसले. "आदेश मलाही आलाय. पण तुम्ही स्वतः कशाला आलात? पार्सलनं पाठवतात लोक."

"तळात एक कप शिल्लक आहे."

"बरं."

"तो प्यायच्या आधी मला तुम्हाला काही सांगायचंय, भावजी. उभं राहूनच सांगते."

"बसून सांगा की. मी काय मास्तर आहे?"

पण ती उभीच राहिली, आणि सांगितलं. बुधवार सकाळ सांगितली, संध्याकाळचा चहा सांगितला, "हो" सांगितलं. दिवाळीतलं वाक्यही सांगितलं. ते सांगताना तिचा आवाज बारीक झाला, कारण मोठ्याने ऐकल्यावर ते फारच लहान होतं.

सुहासने तारेचं भेंडोळं उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

"असं म्हणालो होतो मी?"

"हो."

"मला आठवतसुद्धा नाही, वहिनी."

बाहेर कुणीतरी "मोटार झाली का?" म्हणून विचारलं. "उद्या!" सुहास आतूनच ओरडला, इतक्या जोरात की तो माणूस दुसरा प्रश्न न विचारता गेला. त्याची बायको जयू बाजारात गेली होती. सुहास स्वतःच घरात गेला आणि एक कप आणि एक बशी घेऊन आला.

"काढा तो चहा."

"तो तुमचा आहे. तसं लिहून दिलंय मी."

"माझा आहे ना? मग मी ठरवतो. एकात दोन करू." त्याने कप तिच्यापुढे सरकवला आणि बशी स्वतःकडे ओढली. "दादा कप घ्यायचा, मला बशी द्यायचा. धाकट्याला बशी. भांडून भांडून थकलो, पण कप काही मिळाला नाही. आता सवय झाली."

तिने ओतला. आधी कपात, मग कपातून बशीत. दोघांनी एकदमच तोंडाला लावला.

बुधवार आला. खिडकीला हिरवा पडदा होता, पलीकडच्या खाटेवर म्हातारा मोसंबी सोलत होता. "सुहासला कळवलंस?" अरविंदांनी विचारलं. "हो," प्रमिला म्हणाली. बशी जरा हलली, पण सांडली नाही. अरविंदांनी डोळे मिटले. कपाळावरची आठी, जी सहा दिवस होती, ती गेली. मग सलाइन संपलं म्हणून प्रमिला नर्सला बोलवायला बाहेर गेली. तिच्या आठवणीतला बुधवार इथे बाहेर जायचा आणि कॉरिडॉरमध्ये फिरायचा. थर्मासचा बुधवार खोलीतच थांबला.

"चहा उरलाय की," मोसंबीवाला म्हातारा म्हणाला. "प्या, निवंल."

"नको," अरविंद म्हणाले. त्यांनी हात लांब करून थर्मास जवळ ओढला. बूच बसवायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. "तळातला राहू दे. भाऊ येतोय माझा विट्याहून. गाडीत धक्के खाऊन येईल, त्याला लागेल."

म्हाताऱ्याने मोसंबीची फोड तोंडात टाकली. पडदा हलला. चहा संपला.

सुहास बशी हातात धरून बसला होता. बशीत काही उरलं नव्हतं, तरी त्याने ती आणखी एकदा तिरपी करून पाहिली.

"हा तुमच्या हातचा होता," तो म्हणाला.

"हो. आजारपणात मीच करत होते."

"कप विसळलेलं पाणी," सुहास म्हणाला. तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याने फडक्याने तोंड झाकलं. फडक्याला ग्रीस होतं. ते तसंच गालांना लागलं आणि पुसायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

बऱ्याच वेळाने त्याने रुजू अहवालाचा नमुना मागून घेतला आणि मोटारीवर ठेवून भरायला घेतला. वस्तूची स्थिती: एका बाजूस पोचा, बाकी उत्तम. तळ: रिकामा. रुजू होण्यास झालेला विलंब: इथे कार्यालयाने तीन वर्षांची मुदत वजा करून 'एक वर्ष दोन महिने' असं आधीच भरून दिलं होतं. सुहासने ते खोडलं आणि 'चार वर्षे दोन महिने' लिहिलं. विलंबाचे कारण, या रकान्यात त्याने लिहिलं: गाडी चुकली.

"भावजी, हे खरं नाही."

"का नाही?"

"कुणाची गाडी चुकली?"

"माझी. खाली सही माझी आहे ना?" त्याने सही केली. "जेवून जा. जयू बाजारातनं येईलच. आणि वहिनी, चहा मात्र ती करेल हं."

निघताना प्रमिलाने थर्मासला हात लावून पाहिला. दुपारचे तीन वाजले होते आणि तो गरम होता.

*

अकराव्या दिवशी कार्यालयाचं पत्र आलं. थर्मास विटा येथे रुजू झाल्याची नोंद घेतली आहे. विलंबाबाबत सादर केलेले कारण तपासले असून ते ग्राह्य धरण्यात आले आहे. सदर विलंब क्षमापित करण्यात येत आहे. त्याखाली शाईने, तांबोळींच्या अक्षरात, एक ओळ होती: तिकडे पहिल्या कपाला जायफळ लागते, असे कळते.

अरविंदांनी चहात कधी जायफळ घातल्याचं प्रमिलाला माहीत नव्हतं. ती जरा वेळ त्या ओळीपाशी थांबली.

मग तिने पत्र उघडून टेबलावर ठेवलं. थर्मासच्या जागी एक गोल डाग उरला होता, त्याच्यासमोर ठेवलं. ज्याचं पत्र, त्याला कळायला हवं. आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने स्वतःपुरता चहा टाकला. तो पांचट झाला होता. तिने तो तळापर्यंत प्यायला.